ब्रीद कोणाचे, कोणत्या भाषेत? जुन्नर-आंबेगावच्या निमित्ताने एक आढावा

ओतूरच्या अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला दोन ब्रीदवाक्ये येतात. महाविद्यालय चालवणाऱ्या पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे एक, आणि पदवी देणाऱ्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ‘यः क्रियावान् स पण्डितः’ हे दुसरे. तेथून आंबेगाव तालुक्यात मंचरला आले, की अण्णासाहेब आवटे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे. तिचे ब्रीद सरळ मराठीत आहे: ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. आणि वाटेतल्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवर, पेन्सिलीवर बसलेल्या मुलांच्या चित्राशेजारी, सर्व शिक्षा अभियानाने रंगवलेले ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत संस्कृत, पालीचा वारसा आणि रोजची मराठी अशी तिन्ही वळणे नांदतात.

ब्रीदवाक्यांचा विषय वरवर पाहता हौसेचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींवर जगभर गंभीरपणे बोलले गेले आहे. संस्थेने आपला आदर्श कोणत्या भाषेत सांगावा? तो आदर्श कोणता असावा? आणि एकदा सांगितल्यावर संस्था त्याला किती बांधील? महाराष्ट्रात पहिल्या प्रश्नावर पुष्कळ चर्चा होते, दुसऱ्यावर थोडी आणि तिसऱ्यावर जवळजवळ नाही. माझ्या मते तिसराच सर्वांत महत्त्वाचा आहे. पण तिथवर जायचे तर आधीची वाट चालावी लागते.

लॅटिनचा वारसा

युरोपातील जुन्या विद्यापीठांत लॅटिन ही शोभेची भाषा नव्हती. व्याख्याने, वादविवाद, परीक्षा सारे त्याच भाषेत चाले, त्यामुळे मुद्रेवरची अक्षरेही लॅटिन असणे स्वाभाविक होते. वर्गातून ती भाषा गेली, मुद्रेवर मात्र राहिली. ऑक्सफर्डचे ‘डोमिनुस इल्लुमिनातिओ मेआ’, म्हणजे प्रभू हाच माझा प्रकाश, हे बायबलमधील स्तोत्रातून आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे ब्रीदही स्तोत्रातलेच, तुझ्या प्रकाशात आम्हाला प्रकाश दिसेल अशा अर्थाचे. प्रकाश आणि ईश्वर यांची ही जोडी त्या काळच्या ज्ञानकल्पनेचा गाभा होती.

पुढे आदर्श बदलत गेले आणि हे बदल मोठे बोलके आहेत. हार्वर्डने १६४३ मध्ये ‘वेरितास’, म्हणजे सत्य, एवढा एकच शब्द मुद्रेसाठी योजला. लवकरच तो मागे पडला आणि ख्रिस्त व चर्च यांना वाहिलेले ब्रीद आले. एकोणिसाव्या शतकात ‘वेरितास’ पुन्हा पुढे आला. धर्मसेवक घडवणे की सत्यशोधन करणे, हा त्या संस्थेचा अंतर्गत झगडा तिच्या मुद्रेवर वाचता येतो. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठ १५७५ मध्ये, स्पेनच्या वेढ्यातून शहर सुटल्यानंतर, स्थापन झाले. स्वातंत्र्याचा बालेकिल्ला अशा अर्थाचे त्याचे ब्रीद शहराने सोसलेल्या हालांची आठवण ठेवते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने रोमन कवी होरेसकडून शब्द घेऊन सांगितले की नीतीवाचून कायदे व्यर्थ आहेत. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने १९२२ मध्ये दुसऱ्या रोमन कवीकडून, व्हर्जिलकडून, ‘रेरुम कोग्नोस्केरे काउसास’ घेतले: गोष्टींची कारणे जाणून घेणे.

मराठी वाचकाला या यादीतील दोन नावे परकी वाटू नयेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले आणि १९२३ मध्ये त्यांना लंडन स्कूलमधील अभ्यासावर डी.एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध आणि त्याआधी जातींच्या उगमावर कोलंबियात वाचलेला निबंध हे दोन्ही कारणे शोधण्याचेच काम होते. लॅटिन ब्रीदाचा आशय महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात कोणी मुरवला असेल, तर तो त्यांनी.

१८५७ नंतर

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ या एकाच वर्षी, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. त्यांची ब्रीदे मात्र तीन भाषांतली आहेत. मद्रासचे लॅटिन आहे आणि तेही होरेसवरून घेतलेले: अंगी असलेल्या शक्तीला विद्या वाढवते. कलकत्त्याचे इंग्रजीत, ज्ञानाच्या वाढीविषयी. मुंबईचे ‘शीलवृत्तफला विद्या’ हे संस्कृतात: विद्येचे फळ म्हणजे शील आणि सदाचार. पेनसिल्व्हेनियाचे ब्रीद आणि मुंबईचे ब्रीद आशयाने सख्खी भावंडे वाटतात, भाषा तेवढ्या दोन.

लॅटिन मुंबईतही आहे. १८६९ मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी स्थापलेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ब्रीद ‘प्रोवोकान्स आद वोलान्दुम’ असे आहे. पिलांना उडण्याचे आव्हान देणाऱ्या गरुडाची ही बायबलमधील प्रतिमा. पिलू घरट्याच्या काठावर आहे, उडायचे त्यालाच आहे आणि गरुडाने फक्त भरीला घालायचे आहे. शिक्षकाचे काम इतके नेमके सांगणारी प्रतिमा दुसरी मला आठवत नाही.

या काळात मुंबई विद्यापीठात मराठीची स्थिती काय होती, हे ध्यानात ठेवायला हवे. १८६०च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाहेर पडल्या. दुसरी भाषा म्हणून संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषांना मान होता. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठीच्या पुनःप्रवेशासाठी वर्षानुवर्षे खटपट केली आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर, त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस, तिला एम.ए.च्या पातळीवर वाट मिळाली. ज्या भाषेत परीक्षाच नव्हती, त्या भाषेत विद्यापीठाचे ब्रीद असण्याचा प्रश्नच नव्हता.

संस्कृताच्या बाजूने आणि विरुद्ध

स्वातंत्र्यानंतरच्या संस्था बहुतेक संस्कृताकडेच वळल्या. पुणे विद्यापीठ फेब्रुवारी १९४९ मध्ये स्थापन झाले, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. त्याचे ब्रीद महाभारतातील यक्षप्रश्नांमधून आले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे ‘ज्ञानमेवामृतम्’, आयआयटी मुंबईचे ‘ज्ञानं परमं ध्येयम्’, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘सर्वे सन्तु निरामयाः’ अशी ही लांबच लांब रांग आहे.

या निवडीमागचे म्हणणे दुबळे नाही. संस्कृत ही कोणा एका प्रांताची बोली नाही, म्हणून बहुभाषिक देशात ती सर्वांना सारख्याच अंतरावर आहे. थोडक्या शब्दांत मोठा आशय बसवण्याची तिची ताकद वादातीत आहे. शिवाय परकी सत्ता गेल्यावर आपल्याच जुन्या ज्ञानपरंपरेतून शब्द घेण्यात आत्मसन्मान होता.

विरोधी म्हणणेही तितकेच भक्कम आहे. ही भाषा सर्वांना सारख्या अंतरावर कधीच नव्हती. स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र यांना ती शिकण्याचीच मनाई होती, तेव्हा तिच्यातले ब्रीद त्यांना आपले कसे वाटावे? महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, अशी तक्रार केली होती. तो आक्षेप भाषेवर नव्हता, पण या वादात त्याचे पडसाद आजही आहेत. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले, ब्रीद संस्कृतच राहिले.

येथे आशयाकडे पाहिले तर गुंता वाढतो आणि मला तो मोलाचा वाटतो. यक्षाला उत्तर देताना युधिष्ठिर म्हणतो त्याचा मथितार्थ असा की, शास्त्रे पढणारे, पढवणारे आणि त्यांवर चिंतन करणारे हे सारे व्यसनी, जो करून दाखवतो तोच पंडित. पाठांतरी विद्वत्तेवर इतका कडक ठपका संस्कृतातच, महाभारतातच आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यातल्या शाळेत मुलींना शिकवणाऱ्या आणि १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाईंना ‘क्रियावान्’ नाही म्हणायचे, तर कोणाला? म्हणजे भाषा ज्यांना दूर ठेवत आली, आशय त्यांच्याच बाजूने बोलतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

लोकभाषेची वाट

रयत शिक्षण संस्थेने दुसरी वाट धरली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे ती स्थापन केली, वटवृक्ष हे बोधचिन्ह घेतले आणि ब्रीद मराठीत ठेवले. हे वाक्य एखाद्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून उचललेले नाही. सातारच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, शेतात आणि स्वयंपाकघरात राबत, आपल्या शिक्षणाचा खर्च आपण उचलत. त्या दिनक्रमाचेच हे नाव आहे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातून आली आणि पुणे विद्यापीठाने ती कर्मवीरांच्या नावाने पुढे चालवली आहे. आज जुन्नर-आंबेगावमधला एखादा मुलगा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा बागेत तासांच्या हिशेबाने काम करून फी भरतो, तेव्हा विद्यापीठाचे संस्कृत ब्रीद आणि रयतेचे मराठी ब्रीद एकाच हजेरीपत्रकावर भेटतात.

मराठी ब्रीदांची ही परंपरा पुढे वाढली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बहुधा सर्वांत ओळखीचे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची सारी रचनाच त्या दोन शब्दांत आहे. जळगावच्या विद्यापीठाने ‘अंतरी पेटवू ज्ञानज्योत’ घेतले, म्हणजे लॅटिन ब्रीदांमधला प्रकाश खानदेशात मराठी होऊन आला. भारती विद्यापीठाचे ‘गतिमान शिक्षणातून सामाजिक परिवर्तन’ हे कार्यक्रमपत्रिकेच्या भाषेतले.

या वाटेवर घेतला जाणारा आक्षेप असा की लोकभाषेतले ब्रीद लवकर घोषणा बनते, आणि घोषणा काळाबरोबर शिळी होते. ‘गतिमान’सारखा शब्द पन्नास वर्षांनी कसा वाचला जाईल, कोण सांगणार? उलट ‘वेरितास’ला शिळेपणा येत नाही. हा आक्षेप काही अंशी मला पटतो. पण ‘स्वावलंबी शिक्षण’ शंभर वर्षे ओलांडूनही शिळे झालेले नाही आणि त्याचे कारण भाषेत सापडत नाही. त्यामागे करण्याजोगे एक निश्चित काम होते.

पालीचा वारसा आणि जुन्नरच्या डोंगरांतले लेख

पुणे जिल्हा शिक्षण मंडळ १९४१ मध्ये बाबुराव घोलप यांच्या पुढाकाराने उभे राहिले. त्याचे ब्रीद बुद्धाने भिक्खूंना चारिकेसाठी, म्हणजे भ्रमंतीसाठी, पाठवताना केलेल्या उपदेशातून येते. आकाशवाणीनेही तेच शब्द घेतले आहेत. ग्रामीण पुणे जिल्ह्यात मात्र त्यांना आणखी एक संदर्भ होता. सत्यशोधक चळवळ आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या लिखाणातून ‘बहुजन’ हा शब्द शिक्षणापासून वंचित राहिलेल्या शेतकरी-कष्टकरी समाजाचे नाव बनला होता. डॉ. आंबेडकरांनी संस्थांची नावे ठेवताना हाच वारसा निवडला: १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद. यवन राजा मिनँडर आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादातला तो मिलिंद, म्हणजे प्रश्न विचारणारा राजा.

‘बहुजन हिताय’ हे ब्रीद ओतूरला शोभते, कारण ते ज्या परंपरेतून आले तिचे अवशेष जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत शेकड्यांनी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी येथील लेण्यांतले ब्राह्मी लेख दानाचे आहेत आणि प्राकृतात आहेत. स्वतःला यवन म्हणवणाऱ्या तिघांचे लेखही त्यांत आहेत. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने संघाला भोजनमंडप दिला. ग्रीक जगाशी नाते सांगणाऱ्या या माणसांनीही दान नोंदवले ते येथल्या लोकांना कळेल अशा भाषेत.

नाणेघाटाचे उदाहरण तर या वादासाठी फारच मोलाचे आहे. घाटमाथ्यावरच्या त्या गुहेत डावी-उजवी भिंत सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाने भरली आहे. त्यात सातवाहनांनी केलेले वैदिक यज्ञ आणि त्यांची दक्षिणा यांची जंत्री आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे, आकड्यांसह. मागच्या भिंतीवर राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. त्या आता जवळजवळ नाहीत, वर कोरलेली नावे शिल्लक आहेत. यज्ञ वैदिक आणि नोंद प्राकृतात. आदर्श कोणताही असो, तो सांगण्याची भाषा ऐकणाऱ्यावरून ठरवावी, असे मानणाऱ्यांना याहून बोलका आधार महाराष्ट्रात मिळणार नाही.

दुसऱ्या बाजूलाही आधार याच मातीत आहे. शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या शिवाजी महाराजांची राजमुद्रा संस्कृतात आहे, तर शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या मुद्रा फारसीत होत्या. दरबारी फारसीच्या काळात संस्कृत निवडणे हा स्पष्ट निर्णय होता. रयतेशी पत्रव्यवहार मराठीत, मुद्रा संस्कृतात अशी वाटणी महाराजांनी केली. विद्यापीठांचे संस्कृत ब्रीद आणि मराठी कारभार याच वाटणीवर उभे आहेत असे कोणी म्हटले, तर त्याला नाकारणे अवघड जाईल.

ब्रीदाची कसोटी

भाषेचा वाद एवढ्यावर येऊन थांबतो, निकाल लागत नाही. आदर्शांचा विचार करू लागले की दोन जाती दिसतात. प्रकाश, सत्य, अमृत, ज्ञान ही एक जात. स्वावलंबन, घरोघरी, बहुजनांचे हित, क्रिया ही दुसरी. पहिली विशाल आहे, म्हणून ती संस्थापकांच्या काळानंतरही टिकते. धर्मगुरू घडवणारे हार्वर्ड पुढे विज्ञानाचे केंद्र बनले, तेव्हा जुनाच ‘वेरितास’ पुन्हा कामी आला. पण विशालपणामुळेच तिच्यावर बोट ठेवून जाब विचारता येत नाही. ज्ञान अमृत आहे हे वाक्य कधी मोडले, हे कसे ओळखणार? दुसऱ्या जातीची ब्रीदे संस्थेला अडचणीत आणू शकतात. फी इतकी वाढली की शेतमजुराच्या मुलीला परवडेना, तर ‘स्वावलंबी शिक्षण’ आणि ‘बहुजन हिताय’ दोन्ही तिच्या बाजूने उभी राहतात. मी या दुसऱ्या जातीच्या बाजूचा आहे, आणि नेमके या कारणासाठी.

ब्रीदावाचूनही आदर्श पाळता येतो, असे तिसरे मत आहे. त्यासाठी जुन्नर तालुक्यातच दोन दाखले आहेत. नारायणगावच्या ग्रामोन्नती मंडळाच्या नावातच त्याचा हेतू आहे आणि मंडळाने चालवलेले कृषी विज्ञान केंद्र तो हेतू टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या बांधावर घेऊन जाते. तेथून जवळच खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिच्यावर जगभरचे खगोलशास्त्रज्ञ काम करतात, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला गावोगावच्या शाळांची मुले आपले प्रयोग घेऊन तेथे जमतात. मुद्रेवर काय लिहिले आहे हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

चौथा प्रवाह नवा आहे. १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, आली आणि महाविद्यालयांना आपले ‘व्हिजन’ आणि ‘मिशन’ लिहून द्यावे लागू लागले. ही विधाने बहुधा इंग्रजीत, अहवालासाठी लिहिली जातात. त्यांत उत्कृष्टता, कौशल्य, जागतिक स्पर्धा हे शब्द येतात. समर्थकांचे म्हणणे असे की ब्रीद मोघम असते, मिशन तपासता येते. यात तथ्य आहे. पण अहवाल वाचणारी समिती बाहेरून येते आणि निघून जाते. बोधचिन्हाखालची ओळ मात्र विद्यार्थी तीन-पाच वर्षे ओळखपत्रावर गळ्यात घालून हिंडतो. बंधन कोणते अधिक, हे अजून कोणी नीट तपासलेले नाही.

जे सुटलेले नाही

पहिला न सुटलेला प्रश्न संमतीचा. ब्रीद संस्थापक ठरवतात आणि विद्यार्थी ते वारशाने घेतात. बायबल, महाभारत, त्रिपिटक यांतून आलेली वाक्ये सर्व धर्मांच्या मुलांच्या पदवीवर छापली जातात. काहींच्या मते जुनेपणामुळे त्यांचा धार्मिक रंग उडाला आहे, तर काहींच्या मते तो उडाला असे म्हणण्याचा अधिकार बहुसंख्याकांना नाही.

दुसरा प्रश्न नावांचा. मंचरच्या महाविद्यालयाला हुतात्मा बाबू गेनूचेही नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीखाली चिरडला गेला. त्याचे नाव मिरवणाऱ्या संस्थेत स्वावलंबनाचा अर्थ केवळ स्वतःची फी भरण्याइतका राहतो, की बाबू गेनूच्या स्वदेशीपर्यंत जातो?

तिसरा प्रश्न मला सर्वांत तातडीचा वाटतो. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरापासून नाणेघाटापर्यंत, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या आहेत. त्यांची मुले घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांतून शिकतात, आईबाप हिरडा गोळा करतात, काहींची जमीन डिंभे धरणात गेली आहे. संस्कृत, पाली, मराठी, इंग्रजी या साऱ्या ब्रीदांमध्ये ‘बहुजन’ म्हणून, ‘घरोघरी’ म्हणून, ‘सारे’ म्हणून ही मुले गृहीत धरली आहेत. त्यांच्यापैकी किती जण बारावीनंतर ओतूर, जुन्नर, घोडेगाव किंवा मंचरच्या महाविद्यालयात पोहोचतात आणि किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, हा आकडा प्रत्येक संस्थेच्या प्रवेश नोंदवहीत आहे. तो दर वर्षी वार्षिक अहवालात, ब्रीदवाक्याच्या पानावर छापावा, अशी सूचना मी या आढाव्यातून करतो.